तापलेले इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

कार्ब्युरेटर असलेली जुनी अँबॅसडर मोटार सकाळी पहिल्याच प्रयत्नात सुरू होते. उन्हातून दूरवर जाऊन ती पाव तास थांबविली, की मात्र पुन्हा सुरू होत नाही. आणि तासाभराने काहीही न करता चालू लागते. अशा वेळी बॅटरी, प्लग, पंप हे भाग पुष्कळदा एकामागून एक बदलले जातात. पैसा खर्च होतो व दोष तसाच राहतो. या दोषाचे मूळ उष्णतेत असते. म्हणून त्याची परीक्षाही इंजिन तापलेले असतानाच केली पाहिजे.

इंजिन चालू असताना पाणी व पंखा त्याची उष्णता वाहून नेतात. इंजिन थांबताच हे कार्यही थांबते. परंतु लोखंडात साठलेली उष्णता शेजारच्या कार्ब्युरेटरात व पेट्रोलपंपात शिरत राहते. त्यामुळे मोटार उभी केल्यावर काही मिनिटे हे भाग निवण्याऐवजी अधिकच तापतात.

पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर पेट्रोलातील सर्वांत हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या सुमारासच उकळू लागतात. याचे दोन परस्परविरुद्ध परिणाम संभवतात. कार्ब्युरेटरातील पेट्रोल उकळून आतल्या नळीत उतरले, तर हवेच्या मानाने पेट्रोल फार होते. उलट पंपात किंवा त्याच्या नळीत वाफ कोंडली, तर पंप ती वाफच दाबीत राहतो व इंजिनास पेट्रोल मिळत नाही.

विजेच्या भागांनाही उष्णता बाधते. तांब्याचा विद्युत्‌रोध दर १० अंशांमागे सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. इग्निशन कॉइलचे आवरण आतून कमकुवत झाले असेल, तर थंड असताना चांगली पडणारी ठिणगी तापल्यावर क्षीण होते. झिजलेला स्टार्टरही गरम झाल्यावर जड फिरतो.

तपासणी क्रमाने करावी. प्रथम स्टार्टरचा आवाज ऐकावा. इंजिन मंद फिरत असेल, तर बॅटरीची जोडणी व स्टार्टर पाहावा. ते नेहमीच्या वेगाने फिरत असेल, तर पेट्रोलचा वास घ्यावा. वास उग्र असल्यास पेट्रोल अधिक झाले असण्याचा संभव आहे. चोक पूर्ण उघडा ठेवावा, अ‍ॅक्सिलरेटर एकदाच शेवटपर्यंत दाबून धरावा आणि इंजिन फिरवावे. आत शिरणारी हवा जादा पेट्रोल बाहेर काढते. थंड इंजिनाप्रमाणे येथेही चोक ओढणे, ही नेहमीची चूक होय.

वास नसेल, तर ठिणगी तपासावी. मूळ प्लग जागेवरच ठेवून एक जादा प्लग तारेला जोडावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवावे व रबरी मुठीच्या पकडीने धरावे. ठिणगी पिवळसर व क्षीण असल्यास कॉइल व कंडेन्सर यांचा संशय घ्यावा. ठिणगी निळी व जोमदार असल्यास पंपावर ओले फडके ठेवावे. थोड्याच वेळात इंजिन सुरू झाले, तर वाफ कोंडल्याचे बहुतांशी निश्चित होते. मग पेट्रोलची नळी तापलेल्या भागांपासून दूर घ्यावी आणि पंप व इंजिन यांमधील उष्णतारोधक जाड चकती शाबूत आहे की नाही, हे पाहावे.

पेट्रोलचा वास येत असताना ठिणगीची परीक्षा कधीही करू नये. वाफेने क्षणात पेट घेतल्यास मोटारीसह माणसाच्याही जिवावर बेतते. तसेच एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पंप व कॉइल दोन्ही एकाच वेळी थंड केली, तर इंजिन सुरू होईल खरे. पण दोष कोणात होता, हे कळणार नाही, आणि पुढल्या प्रवासात तो पुन्हा वाट अडवील.