बंद कक्ष आणि वैशाखातील ऊन

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर ही राज्यातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये होत. रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल केले की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्याच्या जिवाची जबाबदारी मात्र त्या क्षणापासून किल्ली बाळगणाऱ्यावर येते.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक मनोरुग्ण दगावले. बहुतेक जण साखळदंडांनी जखडलेले होते. सर्वच मृत्यूंचा असा गाजावाजा होत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. क्लोरप्रोमाझिन, ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारख्या औषधांनी घाम कमी येतो व शरीराची उष्णता बाहेर पडत नाही. लिथियम घेणाऱ्यास जुलाब-उलट्या झाल्या वा पाणी कमी पडले, तर रक्तातील लिथियम विषारी पातळी गाठू शकते. त्यात कुलूपबंद रुग्ण स्वतः उठून माठाकडे जाऊ शकत नाही. म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते ठरावीक वेळी हाती द्यावे. ताप, ताठर स्नायू व ग्लानी एकत्र दिसल्यास तो औषधाचा घातक दुष्परिणाम वा उष्माघात समजून तातडीने उपचार करावेत.

आमच्या मते खरा धोका ऐकण्यातील आहे. ‘पोट दुखते’ हे रुग्णाचे शब्द भ्रमाच्या खाती जमा होतात. क्लोझापिन घेणाऱ्याची बद्धकोष्ठता आतडे निकामी करून प्राण घेऊ शकते. त्याचा घसा दुखून ताप आल्यास पांढऱ्या पेशींची तपासणी टाळू नये.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंडांस व एकांतकोठडीस मनाई केली. बांधणे तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने. त्याची कारणांसह नोंद व्हावी आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीस २४ तासांत कळवावे. पालथे पाडून पाठीवर भार देणे जीवघेणे ठरते. बांधलेल्याची नाडी व श्वास पाहत राहावे; नुसती सही पुरेशी नाही.

आत्महत्येचा धोका दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत व घरी परतल्यावरच्या आठवड्यांत अधिक असतो. तेव्हा सुटीच्या कागदावर पुढील भेटीची तारीख हवीच. नातेवाइकांनीही दाखल करताना मधुमेह, फिट्स, हृदयविकार व चालू गोळ्यांची चिठ्ठी कक्षातील परिचारिकेच्या हाती द्यावी.