एकट्याने आल्प्स

प्रश्न: जूनअखेर एकट्यानेच म्युनिक ते मिलान गाडी चालवायची आहे. आखणी कशी करू?

उत्तर: भाड्याची गाडी मिलानला सोडू नका, दुसऱ्या देशात परत केल्यास जबर आकार लागतो. म्युनिकलाच परत या. खरी मजा वाटेतल्या इटलीच्या स्टेल्व्हियो घाटात: उंची २७५७ मीटर आणि प्रातो गावाकडून चढताना ४८ हेअरपिन वळणं! भल्या सकाळीच चढा, नंतर सायकलस्वार आणि मोटारसायकलींची रीघ लागते. शेजारी नकाशा बघणारं कुणी नसेल, म्हणून दिवसाला चार तास पुरे. ऑस्ट्रियाच्या महामार्गांसाठी विन्येट (टोलचा पास) आधीच घ्या. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच, मूळ परवान्यासह. इटलीतल्या जुन्या शहरांत 'झेडटीएल'ची (मर्यादित वाहतूक क्षेत्राची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. कॅमेरे टिपतात आणि दंडाची नोटीस मागाहून घरी येते.