जुन्या मलवाहिन्यांची बदली आणि पर्यावरणीय परीक्षण

रस्ता खचला की तो सर्वांना दिसतो. पूल मोडकळीस आला तर त्याची चर्चा होते. जमिनीखालची मलवाहिनी मात्र वर्षानुवर्षे झिजत राहते आणि तिच्याकडे लक्ष जाते ते एखाद्या वस्तीत रोगाची साथ उद्भवल्यावरच. शहरांचे आरोग्य या अदृश्य नळांवर किती अवलंबून असते, याचे बोलके उदाहरण लंडनच्या इतिहासात सापडते. १८५४ साली तेथील सोहो भागात पटकीची साथ पसरली आणि ६०० हून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी या साथीचा माग ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपापर्यंत नेला. पुढच्या वर्षी तेथे खोदकाम केले असता पंपाच्या विहिरीपासून एक मीटरपेक्षाही कमी अंतरावर एका घराचा मैलाकुंड आढळला. त्याचे विटांचे बांधकाम कुजून ढिले झाले होते आणि त्यातील घाण विहिरीकडे झिरपत होती.

आज विहिरीची जागा नळाने घेतली असली तरी धोक्याचे स्वरूप फारसे बदललेले नाही. म्हणूनच जुन्या मलवाहिन्या बदलणे हे आरोग्यरक्षणाचे काम आहे. हे काम करताना परिसरावर होणाऱ्या परिणामांचे परीक्षण आधीच करणे हा त्याचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

नळ का झिजतात?

मुंबईसारख्या शहरांत एकोणिसाव्या शतकात विटांच्या मलवाहिन्या बांधण्यात आल्या. पुढे भाजलेल्या मातीचे झिलईदार नळ आणि सिमेंट काँक्रीटचे नळ प्रचारात आले. यांपैकी कोणताही नळ अमर नाही. साचलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निघतो. नळाच्या ओलसर छतावर जिवाणू त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात आणि हे आम्ल काँक्रीट वरून खात जाते. त्यामुळे तळाशी धडधाकट दिसणारा नळ माथ्यावर पोखरलेला असू शकतो. सांधे निखळणे, झाडांची मुळे शिरणे आणि वरून जाणाऱ्या जड वाहनांचा भार ही झिजेची इतर कारणे होत.

अशा नळाचे वर्तन ऋतूनुसार पालटते. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, पाणी भेगांतून नळात शिरते आणि शुद्धीकरण केंद्रावर नको तेवढा भार पडतो. उन्हाळ्यात उलट घडते व मैलापाणी जमिनीत झिरपते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पिण्याचे पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि तिच्या सदोष सांध्यांतून भोवतालचे दूषित पाणी आत ओढले जाऊ शकते. गळकी मलवाहिनी आणि गळकी जलवाहिनी शेजारी शेजारी असणे धोक्याचे ठरते ते यामुळेच. केंद्र शासनाच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेने या दोहोंत किमान ३ मीटर आडवे अंतर सुचविले आहे. तेवढी जागा नसल्यास जलवाहिनी वेगळ्या चरात आणि मलवाहिनीच्या माथ्यापासून किमान अर्धा मीटर उंचीवर असावी, असे त्यात सांगितले आहे. जुन्या पेठांच्या अरुंद बोळांत हे अंतर राखलेले क्वचितच आढळते. बदलीचे काम ही चूक सुधारण्याची संधी असते.

कायदा काय सांगतो?

१४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार ठराविक प्रकारच्या प्रकल्पांना पूर्व पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते. केवळ मलवाहिनी टाकणे वा बदलणे हे काम त्या यादीत स्वतंत्रपणे समाविष्ट नाही. तथापि काम खाडीकाठी वा समुद्रकाठी असेल तर किनारा नियमन क्षेत्राच्या तरतुदी पाहाव्या लागतात. वनजमीन लागत असेल तर १९८० च्या वन कायद्याखालील मंजुरी हवी. शहरी भागात झाडे तोडावयाची असतील तर महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्षसंरक्षण अधिनियम लागू होतो. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यावर १९७४ च्या जलप्रदूषण अधिनियमाचे नियंत्रण आहे.

या बाबतीत अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अभ्यासण्याजोगा आहे. १९७० पासून तेथे सार्वजनिक कामांच्या पर्यावरणीय परिणामांचा आढावा घेणे बंधनकारक आहे. मात्र सार्वजनिक रस्त्यातील एक मैलापेक्षा, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरपेक्षा, कमी लांबीच्या नळबदलीला कायद्यानेच सूट दिली आहे. आहे त्या जागी, क्षमता फारशी न वाढविता केलेल्या बदलीसाठीही सवलतीचा वर्ग आहे. छोट्या व निकडीच्या दुरुस्त्या कागदपत्रांत अडकू नयेत, हा यामागील व्यावहारिक विचार होय.

परंतु मंजुरीची गरज नसणे म्हणजे विचाराची गरज नसणे नव्हे. परीक्षण कायद्याने बंधनकारक नसेल तेथे ते स्वयंप्रेरणेने आणि आटोपशीर रीतीने करावे. अंदाजपत्रकासोबत जोडलेले चार पानांचे टिपणही पुष्कळ अनर्थ टाळू शकते.

परीक्षणात काय पाहावे?

पहिला प्रश्न पर्यायांचा. नळ न बदलल्यास काय होईल, हाही एक पर्याय समजून त्याचे परिणाम लिहावेत. खोदकामाचा उपद्रव प्रत्येकाच्या नजरेस येतो. गळतीचा उपद्रव मात्र हिशेबात धरला जात नाही. रस्ता न खोदता जुन्या नळात अस्तर चढविण्याची पद्धत लंडनमध्ये १९७१ साली प्रथम वापरली गेली. त्यामुळे वाहतूक व झाडे वाचतात. मात्र काही अस्तरांतील राळ घट्ट होताना स्टायरीनची वाफ बाहेर पडते. म्हणून ही पद्धतही परीक्षणातून वगळू नये.

दुसरा प्रश्न चालू प्रवाहाचा. काम सुरू असताना वस्तीतील मैलापाणी थांबत नाही. ते पंपाने कोठून कोठे वळविणार, पंप बंद पडल्यास दुसरा आहे काय आणि रात्री देखरेख कोण करणार, हे निविदेतच नमूद असावे. अन्यथा सोयीचा मार्ग म्हणून ते जवळच्या नाल्यात सोडले जाते आणि प्रदूषण रोखण्यासाठी काढलेले कामच प्रदूषणास कारण होते.

तिसरा प्रश्न खोदकामाचा. चरातून उपसलेले पाणी कोठे जाईल, चराच्या बाजूंना आधार आहे काय, शेजारच्या जुन्या भिंतींना धक्का बसेल काय आणि दूषित माती कोठे टाकली जाईल, हे ठरवावे. जुना नळ ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असल्यास तो कोरडा कापू नये, कारण त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

चौथा प्रश्न माणसांचा. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत १०० च्या सुमारास पोहोचले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही' हा समज त्यामुळे जीवघेणा ठरतो. २०१३ च्या कायद्याने मलवाहिनीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस कामावर लावण्यास मनाई केली आहे. अशा मृत्यूंबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपयांपर्यंत वाढविली. तथापि कोणतीही भरपाई गेलेला जीव परत आणीत नाही. जुना नळ रिकामा व साफ करण्याची यांत्रिक व्यवस्था परीक्षणातच निश्चित व्हावी.

पाचवा प्रश्न खालच्या टोकाचा. नवा नळ मोठा असेल तर तो अधिक मैलापाणी अधिक वेगाने पुढे नेईल. शुद्धीकरण केंद्राची क्षमता तेवढी नसेल तर वरच्या वस्तीची सुटका होईल आणि संकट नदीकाठच्या गावांवर जाईल.

गावांचा आणि शाळांचा वाटा

हा शेवटचा मुद्दा ग्रामपंचायतींनी विशेष लक्षात घ्यावा. शहरालगतच्या अनेक गावांच्या विहिरी शहराच्या नाल्यांजवळ आहेत. काम सुरू होण्यापूर्वी या विहिरींच्या पाण्याची तपासणी करून नोंद ठेवावी आणि काम संपल्यावर ती पुन्हा करावी. आधीची नोंद नसेल तर नंतरच्या तक्रारीला आधार उरत नाही. कामाच्या काळात जलसुरक्षकाने नळाच्या टोकाच्या घरी ओटी चाचणी नियमित घ्यावी. क्लोरीनचा अंश अचानक नाहीसा झाला तर दूषित पाणी मिसळल्याचा तो पहिला इशारा असू शकतो. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून गावातील विहिरी, हातपंप, गटारे आणि शौचखड्डे दाखविणारा नकाशा करून घेता येईल. असा नकाशा अभियंत्यालाही उपयोगी पडतो.

मलवाहिनी एकदा पुरली की पुढील कित्येक दशके ती कोणी पाहत नाही. तिच्या बाबतीत जे प्रश्न विचारावयाचे ते चर बुजण्यापूर्वीच विचारले पाहिजेत. ब्रॉड स्ट्रीटवरील कुजलेल्या विटा सापडल्या त्या माणसे दगावल्यानंतर. खोदकाम तेथेही झाले, पण ते साथीनंतर झाले. आपल्याकडे ते साथीच्या आधी आणि विचारपूर्वक व्हावे, हाच पर्यावरणीय परीक्षणाचा खरा हेतू होय.