मदत कोणाची थांबवावी?



जे सरकार जनतेला उपाशी ठेवून अणुबॉम्ब बनवते आणि ती विद्या दुसऱ्या देशांना विकते, त्याला इतर राष्ट्रांनी मदत द्यावी का? आपल्या तोंडून चटकन 'नाही' असेच येईल. पण मदत म्हणजे नेमके काय, आणि ती थांबली की कोणाचे ताट रिकामे होते, हे पाहिल्याशिवाय त्या 'नाही'ला अर्थ नाही. ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण इथेच उपयोगी पडते.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले की, संपूर्ण शहरे सरसकट नष्ट करणे हा परमेश्वर आणि मानव या दोघांविरुद्ध गुन्हा आहे, आणि शस्त्रस्पर्धेचा मार गरिबांना सोसावा लागतो. त्याच्या एक वर्ष आधी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. आपल्यापैकी काही ज्येष्ठांना ते दिवस आठवत असतील. शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग वाचवून गरिबांसाठी जागतिक निधी उभारावा, हे आवाहन त्यांनी मुंबईतूनच केले आणि १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्याची आठवण दिली. पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये हिरोशिमा येथे आणखी पुढचे पाऊल टाकले. अण्वस्त्रे वापरणेच नव्हे, तर बाळगणेही अनैतिक आहे, असे ते म्हणाले.

आता व्यवहार पाहू. अण्वस्त्रांच्या मार्गाला लागलेल्या देशांची मदत तोडणारे कायदे अमेरिकेने १९७६ व १९७७ साली केले. त्यानुसार एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानची मदत बंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि अमेरिकेला पाकिस्तानची गरज भासू लागली. १९८१ मध्ये ३२० कोटी डॉलरची नवी मदत ठरली. १९८९ मध्ये सोव्हिएत फौजा परतल्या आणि ऑक्टोबर १९९० मध्ये मदत पुन्हा बंद! फेब्रुवारी २००४ मध्ये अब्दुल कादीर खान यांनी अणुतंत्रज्ञान बाहेर पुरवल्याची कबुली टीव्हीवर दिली. इराण, लिबिया आणि उत्तर कोरिया हे त्यांचे गिऱ्हाईक. दुसऱ्याच दिवशी त्यांना माफी मिळाली आणि त्याच वर्षी अमेरिकेने पाकिस्तानला खास मित्रराष्ट्राचा दर्जा दिला. नियम चांगला होता, पण सोयीप्रमाणे वापरला गेला. मुलाला एकदा शिक्षा आणि पुढच्या वेळी त्याच खोडीला खाऊ दिला, तर ते काय शिकेल, हे आईबापांना सांगायला नको.

मे १९९८ मध्ये आपणही त्या रांगेत होतो. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. अणुबॉम्बचा दाह सोसलेल्या जपानने नवी कर्जे व अनुदाने गोठवली, पण आपत्कालीन व मानवतावादी मदत त्यातून वगळली. (भारताने ही विद्या कोणाला विकली नाही, हा फरक आपले लोक आवर्जून सांगतात, आणि तो खरा आहे.) पाकिस्ताननेही चाचण्या केल्यावर अमेरिकेने जुलैमध्ये धान्यखरेदीचे कर्ज निर्बंधांतून वगळले. त्यात पाकिस्तानातल्या भुकेल्यांची काळजी किती आणि गहू विकू पाहणाऱ्या अमेरिकन शेतकऱ्यांची किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. पण भाकरीला हात लावायचा नाही, ही रेषा योग्य जागी पडली.

सर्वांत कठीण उदाहरण उत्तर कोरियाचे. १९९० च्या दशकातील दुष्काळात तेथे लाखो माणसे मेली. १९९४ च्या करारानुसार त्या देशाला अणुकार्यक्रम थांबवण्याच्या बदल्यात वर्षाला ५ लाख टन इंधन तेल मिळत असे. गुप्त कार्यक्रमाचा संशय आल्यावर २००२ च्या अखेरीस ते बंद झाले. ऑक्टोबर २००६ मध्ये पहिला अणुस्फोट झाला. तेल थांबवून बॉम्ब थांबला नाही. त्याआधी तेल देऊनही विश्वास निर्माण झाला नव्हता, हेही तितकेच खरे.

आणि धान्य? इथे एक खरा आक्षेप आहे. आपण तांदूळ दिला की सरकारचा तेवढा पैसा वाचतो आणि तो क्षेपणास्त्रांकडे वळतो. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. तरीही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीच्या सारग्रंथात म्हटले आहे की, निर्बंधांचा हेतू स्पष्ट असावा, त्यांचे परिणाम वेळोवेळी तपासावेत आणि संपूर्ण जनतेला शिक्षा करण्यासाठी ते कधीही वापरू नयेत. इराकवरील निर्बंधांच्या काळात पोप दुसरे जॉन पॉल हेच कळकळीने सांगत राहिले. माझ्या मते, सरकारच्या तिजोरीतून जाणारा पैसा, कर्ज आणि लष्करी साहाय्य जरूर थांबवावे. मात्र धान्य आणि औषध, ते उपाशी माणसाच्या हाती पडते की नाही हे पाहता येत असेल तोवर, थांबवू नये. हे पाहणेही सोपे नाही. मार्च २००९ मध्ये उत्तर कोरियाने अमेरिकन धान्यच नाकारले आणि वाटपावर लक्ष ठेवणाऱ्यांना देश सोडायला सांगितले.

लहान समूहांच्या पुढील सभेसाठी रोमकरांस पत्र १२:१७-२१ आणि मत्तय २५:३१-४६ वाचून यावे. संत पौल तेथे भुकेल्या शत्रूला जेवू घालायला सांगतो. तो शत्रू म्हणजे राज्यकर्ता की त्याची प्रजा, आणि वाटप पाहणाऱ्यालाच हाकलून दिले तर आपण काय करायचे, यावर चर्चा व्हावी.