मोबाइलची जागा भरली : आधी राखा, मग टाका



उसाच्या नोंदीपासून ते बिलाची रक्कम बँकेत जमा झाल्याच्या संदेशापर्यंत बरीच कामे आता हातातल्या मोबाइलवर येऊन पडली आहेत. ऐन कामाच्या वेळी तोच मोबाइल ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगू लागला म्हणजे माणूस गडबडतो. मग कोणी समोर दिसेल ते पुसत सुटतो, कोणी नातवाच्या हाती मोबाइल देऊन ‘काढ रे सगळं’ म्हणतो, तर कोणी नव्या मोबाइलसाठी बाजाराची वाट धरतो. पहिल्या दोन गोष्टींत कामाचा कागद जातो, तिसरीत पैसा जातो. म्हणून या अंकात आम्ही हा विषय पायरीपायरीने मांडत आहोत. तासभर सवडीने बसलात तर हे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे.

१. जागा भरते म्हणजे काय होते?

मोबाइलच्या खोक्यावर दोन आकडे असतात. समजा, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज. रॅम ही आपल्या वजनकाट्यासारखी समजावी. गाडी आली, वजन झाले, गाडी पुढे गेली, काटा मोकळा. स्टोरेज हे गोदाम आहे. तिथे ठेवलेला माल आपण काढेपर्यंत तिथेच राहतो. भरते ते हे गोदाम. त्यातही ६४ जीबी सगळे आपल्या वाट्याला येत नाहीत. मोबाइल चालवणारी मूळ यंत्रणा आपला हिस्सा आधीच घेऊन बसलेली असते.

आता मापे पाहू. एक जीबी म्हणजे सुमारे हजार एमबी. मोबाइलने काढलेले एक छायाचित्र साधारण २ ते ५ एमबी जागा घेते. चांगल्या प्रतीचे एक मिनिटाचे चित्रण १०० एमबीच्या आसपास जाते. म्हणजे बैलगाडा शर्यतीचे दहा मिनिटांचे चित्रण केले की एक जीबी संपला. उलट, एका छायाचित्राच्या जागेत नुसते लिहिलेले संदेश हजारोंनी मावतात. तेव्हा एकेक संदेश पुसत बसण्यात काही हशील नाही. आधी चित्रफितींवर हात घालावा.

गोदाम काठोकाठ भरले की कॅमेरा छायाचित्र घेत नाही, व्हॉट्सॲपवर आलेला कागद उघडत नाही, ॲपची नवी आवृत्ती बसत नाही आणि मोबाइल रेंगाळतो. अगदीच जागा नसेल तर साधा एसएमएस घेण्यातही अडचण येते.

याची झळ शेतकऱ्याला कशी लागते ते पाहा. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून, ॲपमधूनच पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे आणि त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हायची, अशी ही पद्धत आहे. मुदतीचे दोन दिवस राहिलेत, माणूस बांधावर उभा आहे आणि मोबाइल म्हणतो जागा नाही, तर नोंद व्हायची कशी? पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई अशा कामांत पुढे हीच नोंद विचारली जाते. प्रश्न नुसत्या मोबाइलचा नाही, तो सातबाऱ्यापर्यंत पोहोचतो.

२. हे दुखणे कशामुळे?

अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने जानेवारी २०१८ मध्ये भारतातील मोबाइलविषयी एक वृत्तान्त छापला होता. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या मोबाइलची जागा रोज संपते, अमेरिकेत हेच प्रमाण दहांत एक आहे, असा वेस्टर्न डिजिटल या साठवणुकीची साधने बनवणाऱ्या कंपनीचा आकडा त्यात दिला होता. गूगलच्या लोकांनी याचे कारण शोधले, तेव्हा रोज सकाळी ‘सुप्रभात’ म्हणून पाठवली जाणारी फुलांची, देवादिकांची आणि सुविचारांची चित्रे हे एक मोठे कारण निघाले. गूगलने डिसेंबर २०१७ मध्ये जागा मोकळी करण्यासाठी ‘फाइल्स गो’ नावाचे ॲप काढले. अशी सुप्रभाताची चित्रे हुडकून एकदम पुसण्याची सोय त्यात मुद्दाम केली होती. तेच ॲप पुढे ‘फाइल्स’ या नावाने चालू राहिले.

पाठवणाऱ्याचा भाव चांगला असतो, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, पाणीपुरवठा संस्थेचा ग्रुप आणि दहावीच्या वर्गमित्रांचा ग्रुप असे पाच-सहा ग्रुप असले की तेच चित्र पाच-सहा वेळा येते. आपण ते उघडून पाहिले नाही तरी आपोआप उतरून बसते.

३. मिरकरवाड्याकडून घेण्यासारखे

आता उसाच्या पत्रिकेत मासळीचे बंदर कशाला, असे कोणी म्हणेल. आपले बरेच सभासद आंबा घाट उतरून रत्नागिरीला जातात, तेव्हा मिरकरवाडा बंदर त्यांनी पाहिलेले असेल. जागेचा हिशेब कसा ठेवावा हे तिथल्या होड्यांकडून शिकावे. होडीच्या पोटात बर्फ आणि मासळी यांसाठी ठरावीक जागा असते. जाळे वर आले म्हणजे त्यात आलेले सगळेच आत कोंबत नाहीत. पापलेट, सुरमई, कोळंबी वेगळी होते, हलकी मासळी वेगळी होते, कचरा बाजूला जातो. भारी मालाला बर्फ आणि जागा पहिली. जागा हलक्या मालाने भरून बसली तर पुढच्या जाळ्यातली सुरमई ठेवायची कुठे?

याच बंदराच्या धंद्यात मोबाइलचेही मोल मोठे आहे. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य उपग्रहावरून पाहून मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांना कळवते. उंच लाटांचे इशारेही तीच देते. २०१७ साली ओखी वादळ आले तेव्हा आधीच खोल समुद्रात गेलेल्या पुष्कळ होड्यांना इशारा पोहोचू शकला नाही, कारण किनाऱ्यापासून थोडे दूर गेले की मोबाइलची रेंज सुटते. त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे उपकरण काढण्यात आले. ते उपग्रहाकडून संदेश घेते आणि ब्लूटूथने होडीवरच्या मोबाइलमधील ॲपमध्ये उतरवते. म्हणजे शेवटी इशारा वाचायचा तो मोबाइलवरच, आणि त्याचे ॲप मोबाइलमध्ये बसलेले असले तरच. समुद्रावर जाणाऱ्याने मोबाइलमध्ये जागा राखणे ही चैन नव्हे, ती जिवाची काळजी आहे. आपल्याकडे जिवावर बेतत नसेल, पण वर्षाच्या पिकावर बेतू शकते.

४. पहिली पायरी : राखायचे ते बाजूला काढा

पुसण्यापूर्वी हे काम करावे, नंतर नव्हे. आपल्या मोबाइलमधील मालाचे दोन भाग पाडा.

पुन्हा मिळू शकणारा माल : सिनेमे, गाणी, ॲप, भविष्य, बातम्या. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही याच भागात येतो, कारण तो महाभूमीच्या संकेतस्थळावरून थोडी फी भरून पुन्हा काढता येतो.

पुन्हा न मिळणारा माल : वजनाच्या पावत्यांची छायाचित्रे, मोजणीच्या वेळी काढलेली हद्दीची छायाचित्रे, पीक बुडाले तेव्हाचे चित्रण, घरातल्या गेलेल्या माणसांची छायाचित्रे व आवाज. वजनपावतीचे छायाचित्र अंतिम बिल हाती येऊन हिशेब जुळेपर्यंत हलवू नये.

हा दुसरा भाग आधी दुसऱ्या ठिकाणी नकलून ठेवावा. घरात संगणक असल्यास त्यावर, नसल्यास मोबाइलला जोडता येणाऱ्या पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर. कार्ड ओळखीच्या दुकानातून पावतीसह घ्यावे, कारण वर आकडा मोठा आणि आत जागा थोडी अशी बनावट कार्डे बाजारात येतात. नक्कल उघडून पाहावी, नीट दिसते याची खात्री झाल्यावरच मूळ पुसावे.

गूगल फोटोज वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, गूगलच्या खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते आणि १ जून २०२१ पासून वर चढवलेली छायाचित्रे त्यात मोजली जातात. दोन, व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे आपोआप वर चढतातच असे नाही. तो फोल्डर सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळा चालू करावा लागतो.

५. दुसरी पायरी : आता टाका

कंपनीपरत्वे नावे थोडी बदलतात, पण अँड्रॉइड मोबाइलवर क्रम हाच ठेवावा.

(अ) सेटिंग्जमध्ये जाऊन ‘स्टोरेज’ उघडा. कोणी किती जागा अडवली आहे ते तिथे दिसते. जो सर्वांत मोठा, त्याच्यापासून सुरुवात करा.

(आ) व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. तिथे अनेकदा पुढे ढकललेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. खाली कोणत्या ग्रुपने किती जागा खाल्ली हेही दिसते. बहुतेकांची निम्मी लढाई इथेच संपते.

(इ) वर्षभरात न उघडलेली ॲप काढून टाका. पैशाच्या व्यवहाराचे ॲप काढल्याने बँकेतले पैसे जात नाहीत, पण पुन्हा बसवताना सिमकार्डासह सगळी पडताळणी नव्याने करावी लागते. म्हणून ते शक्यतो हलवू नये.

(ई) एखादे ॲप फार फुगले असेल तर त्याची ‘कॅश’ पुसा. कॅश म्हणजे कामापुरता साठलेला गाळ, तो काढल्याने काही बिघडत नाही. शेजारीच ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असे बटण असते, ते मात्र दाबू नका. त्याने त्या ॲपमधली आपली माहितीच जाते.

(उ) शेवटी कचरापेटी रिकामी करा. हे पुष्कळ जण विसरतात. पुसलेली छायाचित्रे गॅलरीच्या कचरापेटीत बहुधा ३० दिवस पडून असतात आणि तोवर जागा अडवूनच असतात. मात्र पेटी रिकामी करण्याआधी आत एकदा नजर टाका. चुकून गेलेला कागद तिथूनच परत मिळतो.

६. हे करू नये

गूगल फोटोजमध्ये वर चढलेले छायाचित्र त्याच ॲपमधून साधे पुसले, तर मोबाइलमधले जाते आणि वरची नक्कलही जाते. केवळ मोबाइलमधली जागा हवी असेल तर त्यातील ‘फ्री अप स्पेस’ ही सोय वापरावी.

‘मोबाइल साफ करा, वेग वाढवा’ अशा जाहिराती करणारी अनोळखी ॲप घेऊ नयेत. साफसफाईच्या नावाखाली तीच जागा अडवतात आणि आपली माहिती पाहण्याची परवानगी मागतात. लग्नपत्रिका किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल दिसली तर न उघडता पुसावी. अशा फाइलींवाटे मोबाइलचा ताबा घेऊन लुबाडल्याचे प्रकार घडलेले आहेत.

आणि ‘फॅक्टरी रिसेट’ हा तर शेवटचा उपाय. तो म्हणजे पाचट पेटवून रान मोकळे करण्यासारखे आहे. रान तासाभरात स्वच्छ दिसते खरे, पण कुजून जे जमिनीला मिळायचे तेही धुरात जाते.

७. पुन्हा भरू नये म्हणून

व्हॉट्सॲपच्या त्याच ‘स्टोरेज अँड डेटा’ मध्ये छायाचित्रे व चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय असते. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्ही ठिकाणी ती बंद करावी. मग जे पाहायचे तेवढ्यावरच बोट ठेवावे, तेवढेच उतरते. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केल्याने चित्रे गॅलरीत दिसेनाशी होतात, पण जागा मोकळी होत नाही. या दोहोंत गल्लत करू नये.

एकूण जागेचा दहावा हिस्सा तरी कायम मोकळा असावा. महिन्यातून एकदा, अमावस्या धरा की पगाराचा दिवस धरा, पंधरा मिनिटे याला द्यावीत. घरातल्या मुलांची मदत जरूर घ्यावी. त्यांचा हात आपल्यापेक्षा चपळ असतो. मात्र कोणता कागद कामाचा हे त्यांना ठाऊक नसते, तेव्हा राखायचे ते आपण काढावे आणि टाकायचे ते त्यांनी टाकावे.

हंगाम सुरू झाला म्हणजे तोड, वाहतूक आणि पावत्या यांतून कोणालाच उसंत राहत नाही. तेव्हा मोळी गव्हाणीत पडण्यापूर्वीच प्रत्येक सभासदाने आपला मोबाइल एकदा उघडून पाहावा आणि जागा करून ठेवावी.