सगळ्या गाड्या विठ्ठलवाडीला जात नाहीत

अशी कल्पना करा की तुम्ही कल्याण स्टेशनाच्या फलाटावर उभे आहात. मराठी न जाणणारे एक गृहस्थ तुमच्याजवळ येतात आणि इंग्रजीत विचारतात, ‘इथून सुटणारी कोणतीही गाडी पकडली तर विठ्ठलवाडीला पोहोचेन ना?’ तुमच्या मनात चटकन एक मराठी वाक्य येते : ‘सगळ्या गाड्या विठ्ठलवाडीला जात नाहीत.’ त्यातील शब्दाला शब्द ठेवून तुम्ही उत्तर देता : ‘ऑल ट्रेन्स डू नॉट गो टू विठ्ठलवाडी.’

आता ते गृहस्थ काय करतील? ‘काही गाड्या जातात, काही जात नाहीत’ असा अर्थ त्यांनी घेतला, तर ते पुढचा प्रश्न विचारतील. पण ‘एकही गाडी जात नाही’ असा अर्थ घेतला, तर ते जिना चढून सरळ रिक्षा शोधायला जातील. इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचे काहीच चुकले नाही, कारण तुमच्या वाक्यातून हे दोन्ही अर्थ निघतात.

घोटाळा नेमका कोठे झाला हे पाहण्यापूर्वी खरी परिस्थिती काय आहे ती ध्यानात घ्या. मुंबईकडून येणारा मध्य रेल्वेचा मार्ग कल्याणला दुभंगतो. एक फाटा शहाड, टिटवाळा, कसारा असा थळ घाटाकडे आणि पुढे नाशिकला जातो. दुसरा फाटा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत असा जाऊन बोरघाट चढतो आणि पुण्याला पोहोचतो. म्हणजे विठ्ठलवाडी हे दुसऱ्या फाट्यावरचे, कल्याणनंतरचे पहिले स्टेशन. या एवढ्या माहितीवर आपल्याला बरीच इंग्रजी वाक्ये रचता येतील, आणि ती खरी की खोटी हे रेल्वेच्या वेळापत्रकावरून तपासताही येईल. व्याकरणाच्या पुस्तकातील वाक्यांना ही सोय नसते!

‘सम ट्रेन्स फ्रॉम कल्याण गो टू विठ्ठलवाडी.’ हे वाक्य खरे आहे. ते सिद्ध करायला किती कष्ट पडतील? कर्जत लोकलचे एक उदाहरण दाखवले तरी तर्कशास्त्राच्या दृष्टीने काम भागते. ‘नो कसारा लोकल गोज थ्रू विठ्ठलवाडी.’ हेही खरे. पण हे सिद्ध करायचे तर प्रत्येक कसारा लोकलचा मार्ग पाहिला पाहिजे. उलट ते खोटे पाडायला वाट चुकलेली एकच लोकल पुरेल. ‘एव्हरी लोकल फ्रॉम कल्याण टू बदलापूर पासेस थ्रू विठ्ठलवाडी.’ याचीही गोष्ट तीच. पाहा, वाक्याचा पहिला शब्द बदलला की त्या वाक्याचा दावा किती मोठा आहे, तो सिद्ध कसा करायचा आणि मोडायचा कसा, हे सगळेच बदलते. मराठी व्याकरणात सर्व, काही, थोडे या शब्दांना आपण अनिश्चित संख्याविशेषणे म्हणतो. पण नाव अनिश्चित असले, तरी ती वाक्यावर टाकीत असलेली जबाबदारी अगदी निश्चित असते.

आता आपल्या मूळ घोटाळ्याकडे वळू. मराठीत आपण ‘सगळ्या गाड्या विठ्ठलवाडीला जात नाहीत’ असे म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याची सहसा फसगत होत नाही. बोलण्यातील जोर आणि समोरची परिस्थिती यांवरून त्याला अर्थ कळतो. आणि अगदी निःसंदिग्धपणे बोलायचे असेल, तर मराठी माणूस एक युक्ती करतो. तो म्हणतो, ‘सगळ्याच गाड्या काही विठ्ठलवाडीला जात नाहीत.’ त्या ‘काही’कडे नीट पाहा. ते ‘काही गाड्या’मधले ‘काही’ नव्हे. येथे ते संख्या दाखवीत नाही. पुढे येणारा नकार ‘सगळ्याच’ या शब्दाला लागू आहे, एवढेच ते सुचवते.

या ‘काही’ची आणखी एक मौज पाहा. ‘काही गाड्या आल्या नाहीत’ म्हणजे काही आल्या, काही राहिल्या. ‘गाड्या काही आल्या नाहीत’ म्हणजे वाट पाहून पाहून थकलो, गाड्या आल्याच नाहीत! शब्द तेच, फक्त ‘काही’ एक घर पुढे सरकले आणि अर्थ पार बदलला. मराठीत अशी मोकळीक आहे आणि ती मोठी गोड आहे, पण तिचे इंग्रजीत जसेच्या तसे रूपांतर होत नाही. या दुसऱ्या ‘काही’साठी जो ‘सम’ हा शब्द वापरील, त्याचे वाक्य फसलेच म्हणून समजा.

मग इंग्रजीत काय करावे? मराठीतील ‘-च’ आणि ‘काही’ मिळून जे काम करतात, ते इंग्रजीत जागा करते. नकाराचा शब्द उचलून थेट वाक्याच्या आरंभी, ‘ऑल’च्या आधी ठेवायचा : ‘नॉट ऑल ट्रेन्स गो टू विठ्ठलवाडी.’ आता दुसरा अर्थ निघूच शकत नाही. आणि ‘एकही जात नाही’ असे म्हणायचे असेल, तर ‘ऑल’ला हातच लावायचा नाही, ‘नो ट्रेन’ किंवा ‘नन ऑफ द ट्रेन्स’ अशी सुरुवात करायची. इंग्रज लेखकांनीही ‘ऑल … नॉट’ अशी रचना पूर्वापार केली आहे. चकाकणाऱ्या वस्तू आणि सोने यांविषयीची त्यांची प्रसिद्ध म्हण तशीच आहे. पण म्हणीचा अर्थ सर्वांना आधीच ठाऊक असतो. तुमच्या प्रयोगवहीतील वाक्याचा तसा नसतो.

हा काही केवळ गुणांचा प्रश्न नाही. समजा, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सापांविषयी एक तक्ता लावायचा आहे आणि त्यावर कोणी लिहिले, ‘ऑल स्नेक्स आर नॉट व्हेनमस.’ लिहिणाऱ्याच्या मनात आहे, ‘सगळेच साप काही विषारी नसतात.’ वाचणाऱ्याने मात्र ‘कोणताच साप विषारी नसतो’ असा अर्थ घेतला तर? आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप माणसांच्या वस्तीच्या आसपास आढळतात, आणि भारतात वापरली जाणारी सर्पदंशावरील बहुगुणी प्रतिविषाची लस याच चौघांच्या विषावर चालते. तक्त्यावरील एका शब्दाची जागा चुकली म्हणून कोणी फुरसे हातात घेऊ नये! ‘नॉट ऑल स्नेक्स आर व्हेनमस’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

आता ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’. यांतील फरक पाठ करताना बहुतेक विद्यार्थी कंटाळतात, आणि परीक्षेत नेमके उलटे लिहितात. वास्तविक हा फरक मराठीत आपण रोज करतो. ‘थोड्या जागा रिकाम्या आहेत’ आणि ‘थोड्याच जागा रिकाम्या आहेत’ ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. पहिले वाक्य ऐकून तुम्ही डब्यात शिराल. दुसरे ऐकून बहुधा पुढच्या गाडीची वाट पाहाल. पहिले म्हणजे ‘अ फ्यू सीट्स आर एम्प्टी’, आणि दुसरे म्हणजे ‘फ्यू सीट्स आर एम्प्टी’. रिकाम्या जागा दोन्ही वेळा तेवढ्याच असतील. फरक आहे तो बोलणाऱ्याच्या कलामध्ये. मराठी ‘-च’ जोडून जे साधते, ते इंग्रजी ‘अ’ गाळून साधते. मोजता न येणाऱ्या वस्तूंसाठी ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचा हिशेब तोच : नळ जाण्यापूर्वी ‘अ लिटल वॉटर इज लेफ्ट’ म्हणणारी गृहिणी भांडे लावते, ‘लिटल वॉटर इज लेफ्ट’ म्हणणारी शेजारी विचारायला जाते. ‘मेनी’ मोजण्याच्या वस्तूंना आणि ‘मच’ न मोजण्याच्या, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यावर जागा घालवीत नाही.

‘एव्हरी’ आणि ‘ईच’ यांच्यापुढे नाम एकवचनी येते. यात खरे तर मराठी विद्यार्थ्याने चुकण्याचे कारण नाही, कारण आपणही ‘प्रत्येक गाड्या’ असे कधी म्हणत नाही. तरी ‘एव्हरी ट्रेन्स’ लिहिलेले दिसते! ‘मोस्ट’च्या बाबतीत मात्र अडचण खरी आहे. ‘मोस्ट ट्रेन्स’ बरोबर, ‘मोस्ट ऑफ द ट्रेन्स’ही बरोबर, पण ‘मोस्ट ऑफ ट्रेन्स’ चूक. ओळखायची खूण अशी : मनातील मराठी वाक्यात ‘पैकी’ येत असेल (‘आज सकाळी आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक’) तर ‘ऑफ’ आणि ‘द’ दोन्ही हवेत, नसेल तर दोन्ही नकोत. ‘अ नंबर ऑफ ट्रेन्स’ म्हणजे बऱ्याच गाड्या, म्हणून क्रियापद अनेकवचनी. ‘द नंबर ऑफ ट्रेन्स’ म्हणजे गाड्यांची संख्या, आणि संख्या ही एकच असते.

प्रयोगवहीसाठी एक सूचना जाता जाता. इंग्रजीत वाक्याची सुरुवात अंकाने करीत नाहीत. मराठीत आपण ‘२५ मिलिलिटर आम्ल घेतले’ असे खुशाल लिहितो. इंग्रजीत एक तर ‘ट्वेंटी-फाइव्ह’ असे अक्षरी लिहावे किंवा वाक्य फिरवून अंक आत ढकलावा.

आता विज्ञानाकडे येऊ. रसायनशास्त्राची जुनी पुस्तके सांगत : ‘निष्क्रिय वायूंपैकी एकही वायू संयुगे बनवीत नाही.’ हेलियम, निऑन, अर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन या साऱ्यांना ते लागू होते. इंग्रजीत त्या वाक्याचा पहिला शब्द होता ‘नो’. असे वाक्य किती तकलादू असते ते आपण कसारा लोकलच्या उदाहरणात पाहिले. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाने झेनॉनची प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइडशी अभिक्रिया घडवून आणली आणि संयुग मिळवले. एका प्रयोगाने ‘नो’ पडला आणि त्याच्या जागी ‘सम’ आला. साऱ्या वायूंची तपासणी करावी लागली नाही.

धातूंचे पाहा. ‘ऑल मेटल्स आर सॉलिड ॲट रूम टेंपरेचर’ हे वाक्य पारा एकटाच मोडतो. म्हणून आपण ‘मोस्ट मेटल्स’ म्हणतो. त्यातही गंमत अशी की गॅलियम हा धातू सुमारे ३० अंश सेल्सियसला वितळतो. कल्याण-ठाण्याच्या मे महिन्यातील दुपारी पंखा बंद असलेल्या खोलीत तो द्रवरूपच असणार! तेव्हा ‘रूम’ कोणती, हेही सांगावे लागते.

‘मोस्ट’ हा शब्द तर्कशास्त्रज्ञांना फार काळ अडचणीचा वाटला. ॲरिस्टॉटलच्या परंपरेतील तर्कशास्त्र मुख्यतः ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ यांवर चाले. आपल्या मदुराईत १८०६ साली जन्मलेला इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन याने १८४७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फॉर्मल लॉजिक’ या ग्रंथात ‘मोस्ट’पासून काय निष्कर्ष निघतात याचा विचार केला. त्याची कल्पना आपण विठ्ठलवाडीच्या फलाटावर करून पाहू. पावसाळ्यातील सकाळ आहे. फलाटावर १०० प्रवासी आहेत. काहींकडे पास आहे आणि काहींकडे छत्री आहे, एवढेच सांगितले तर दोन्ही वस्तू असलेला एक तरी प्रवासी आहे का? सांगता येणार नाही; पासवाले वेगळे आणि छत्रीवाले वेगळे असू शकतात. आता ‘काही’ऐवजी ‘बहुतेक’, म्हणजे निम्म्याहून अधिक, असे म्हणा. पासवाले निदान ५१ आणि छत्रीवाले निदान ५१. बेरीज १०२. प्रवासी मात्र १००च. तेव्हा निदान दोघांकडे पास आणि छत्री दोन्ही असलीच पाहिजेत. कोणाचीही पिशवी न तपासता हे सांगता आले, ते केवळ पहिला शब्द ‘सम’ नसून ‘मोस्ट’ होता म्हणून. मात्र ‘मोस्ट’ लिहायचे असेल, तर आधी मोजदाद केलेली हवी. चार-पाच गाड्या पाहून ‘मोस्ट ट्रेन्स’ लिहिणे हा आळस आहे. तेथे ‘सम’ लिहावे आणि स्वस्थ बसावे.

आता पुढील वाक्ये इंग्रजीत करून पाहा. प्रत्येक वाक्याखाली, ते खोटे पाडायला किती उदाहरणे लागतील, तेही लिहा. शिक्षकांनी वर्गात दोघादोघांत वह्या बदलून तपासायला लावल्यास अधिक चांगले.

विठ्ठलवाडीवरून जाणाऱ्या सगळ्याच गाड्या काही तेथे थांबत नाहीत. (पुण्याला जाणारी डेक्कन क्वीन १९३० सालापासून धावते आहे, तिला आठवा.) आमच्या वर्गातील एकही विद्यार्थी आज गैरहजर नाही. पिशवीतील बियांपैकी बहुतेक रुजल्या. थोड्याच बिया रुजल्या. बिया काही रुजल्या नाहीत.

शेवटच्या वाक्यात ‘सम’ लिहिलेत, तर पुन्हा एकदा ‘गाड्या काही आल्या नाहीत’पाशी जाऊन या.