शब्दांचे वजन

देशाच्या सुरक्षेसाठी काम करणारे सगळेच लोक वेष बदलून हिंडत नाहीत. काही जण कचेरीत बसून, मिळालेल्या माहितीचा अभ्यास करतात. अशाच एका अभ्यासकाची ओळख या पाठात करून दिली आहे.

शेर्मन केंट यांचा जन्म १९०३ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. ते येल विद्यापीठात शिकले आणि पुढे तेथेच इतिहास शिकवू लागले. इतिहासाच्या अभ्यासकाला जुनी कागदपत्रे वाचावी लागतात, खरे-खोटे पारखावे लागते आणि मगच मत मांडावे लागते. हीच विद्या केंट यांना पुढे उपयोगी पडली.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ मध्ये, ते सरकारी कामासाठी वॉशिंग्टनला गेले. उत्तर आफ्रिकेतील बंदरे, रेल्वेमार्ग यांची माहिती जमवून त्यांच्या विभागाने लष्करासाठी अहवाल तयार केले. युद्धानंतर त्यांनी या कामाविषयी एक पुस्तक लिहिले. ते १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांना सी.आय.ए. या अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेत बोलावण्यात आले. जगात पुढे काय घडेल, याचा अंदाज सरकारला देणे हे तेथील एका कार्यालयाचे काम होते. १९५२ ते १९६७ या काळात केंट त्या कार्यालयाचे प्रमुख होते.

१९५१ मध्ये या कार्यालयाने एक अहवाल दिला. त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे, असे त्यात म्हटले होते. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने केंट यांना विचारले, ''गंभीर शक्यता म्हणजे नेमकी किती?'' केंट यांच्या मनात शंभरात सुमारे ६५ एवढी शक्यता होती. तो अधिकारी चकित झाला. त्याने ती फारच कमी समजली होती!

केंट यांना चैन पडेना. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारला. कोणाच्या मनात शंभरात २० होते, तर कोणाच्या मनात ८०. शब्द सर्वांनी मान्य केले होते. पण अर्थ प्रत्येकाचा वेगळा होता. अशा अहवालावरून सरकार सैन्य हलवायचे की नाही, हे ठरवते. तेथे शब्दांचा घोळ परवडत नाही.

मग केंट यांनी शब्दांना आकडे जोडले. 'बहुधा' म्हणजे शंभरात सुमारे ७५, 'जवळजवळ नक्की' म्हणजे सुमारे ९३, असा तक्ता त्यांनी केला. काही सहकाऱ्यांना तो पटला नाही. भाषेला असे मोजमाप लावता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

केंट यांच्या कार्यालयाचे अंदाज नेहमीच बरोबर ठरले असे नाही. रशिया क्यूबा बेटावर क्षेपणास्त्रे ठेवील असे वाटत नाही, असा अहवाल त्यांनी १९ सप्टेंबर १९६२ रोजी दिला. संस्थेचे संचालक जॉन मॅकोन यांचे मत मात्र वेगळे होते. १४ ऑक्टोबरला विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. जग अणुयुद्धाच्या काठावर येऊन उभे राहिले. अंदाज का चुकला, याची चर्चा करणारा लेख केंट यांनी १९६४ मध्ये लिहिला. रशियाचे नेते एवढे मोठे धाडस करतील यावर आपला विश्वास बसला नाही, असे त्यांनी त्यात सांगितले.

१९८६ मध्ये केंट यांचे निधन झाले. २००० साली सी.आय.ए.ने विश्लेषकांसाठी शाळा काढली आणि तिला त्यांचे नाव दिले.

मराठीत 'कदाचित', 'बहुधा', 'नक्की' असे शब्द आहेत. उर्दूत 'शायद', 'गालिबन', 'यकीनन' म्हणतात. आपल्याला जेवढी खात्री असेल, तेवढ्याच वजनाचा शब्द वापरावा. हाही प्रामाणिकपणाच आहे.

शब्दार्थ
पारखणे – तपासून पाहणे
गुप्तवार्ता – गुप्तपणे मिळवलेली माहिती
चैन न पडणे – अस्वस्थ वाटणे
घोळ – गोंधळ

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) केंट विद्यापीठात कोणता विषय शिकवत?
(आ) 'बहुधा' या शब्दाला केंट यांनी कोणता आकडा जोडला?
२. 'गंभीर शक्यता' या शब्दांमुळे कोणता घोळ झाला? चार-पाच वाक्यांत लिहा.
३. केंट यांचा तक्ता तुम्हांला पटतो का? कारण सांगा.
४. 'कदाचित', 'बहुधा', 'नक्की' हे शब्द वापरून वाक्ये तयार करा.